निळ्या थेंबाचा माग : लहान विमानाची गळती आणि मिस्त्रीची खरी कमाई

हँगरच्या फरशीवर, पंखाच्या बरोबर खाली, एक निळसर डाग. वर पाहावे तर टाकीच्या तळाशी बसवलेल्या ड्रेन व्हॉल्व्हच्या टोकाला पेट्रोलचा थेंब लोंबत असतो. लहान खासगी विमानाच्या मालकाला हा प्रसंग केव्हा ना केव्हा पाहावाच लागतो. हा व्हॉल्व्ह अंगठ्याच्या पेराएवढा आणि त्यातली रबरी ओ-रिंग सदऱ्याच्या बटणाएवढी. पण तेवढ्या रिंगने दगा दिला की विमान जमिनीवर उभे राहते. प्रशिक्षण संस्थेचे विमान असेल तर त्या दिवशीचे विद्यार्थी परत जातात, भाड्याचे असेल तर भाडे बुडते, आणि कोणी तसेच उडवले तर आगीशी गाठ असते.

रोग लहान आहे आणि औषधही बहुधा स्वस्त आहे. तरीही मुरलेला मिस्त्री आणि कच्चा मिस्त्री यांच्यातला फरक या कामात लगेच दिसतो. कच्चा मिस्त्री पाना घेऊन थेट व्हॉल्व्ह खोलायला लागतो. मुरलेला मिस्त्री आधी फडके घेतो, जागा पुसतो आणि थांबतो. थेंब नेमका कोठून निघतो हे कळेपर्यंत तो पान्याला हात लावत नाही. गॅरेज, पंप, फ्रीज-एसी, प्लंबिंग अशा कोणत्याही दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या वाचकांना ही रीत ओळखीची वाटेल. म्हणूनच ती येथे जरा तपशिलाने देत आहोत.

टाकीला भोक मुद्दाम कशाला?

उदाहरणासाठी सेस्ना १७२ हे विमान घेऊ. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बनणारे हे चार आसनी, एका इंजिनाचे विमान १९५६ साली बाजारात आले. मध्ये १९८६ पासून सुमारे दहा वर्षे त्याचे उत्पादन बंद होते, पण ते पुन्हा सुरू झाले आणि आजवर ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. जगात कोणत्याच विमानाची एवढी संख्या नाही. आपल्याकडे बारामतीसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण संस्थांतही हे विमान वापरात आहे.

सेस्नाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात आणि दोन्ही पंखांत पेट्रोलच्या टाक्या असतात. या टाक्यांत पाणी शिरते. अर्धी भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतील दमट वाफ थंड होऊन तिचे पाणी होते. टाकीच्या झाकणाचे रबर झिजले असेल तर पावसाचे पाणी वरून झिरपते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि तळातूनच इंजिनाकडे जाते. मोटारीच्या पेट्रोलमध्ये पाणी आले तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते. आकाशात तशी कड नसते.

म्हणून टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूला ड्रेन व्हॉल्व्ह बसवतात. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी पेट्रोल भरल्यानंतर वैमानिक एक पारदर्शक पेला त्याखाली धरतो, पेल्यावरच्या काडीने व्हॉल्व्हचा दट्ट्या वर ढकलतो आणि थोडे पेट्रोल काढून पाहतो. विमानाच्या १०० एलएल या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पेल्यात वर निळे आणि खाली बिनरंगी बुडबुडा दिसला तर ते पाणी. येथे एक फसगत होते. सगळा पेलाच पाण्याने भरला तर आत दोन थर दिसत नाहीत, सगळे एकसारखे स्वच्छ दिसते आणि नवखा माणूस समाधानाने पुढे जातो. म्हणून थर पाहण्याआधी रंग पाहायचा असतो.

सेस्ना १७२ च्या नव्या नमुन्यात असे १३ ड्रेन आहेत. प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. वर्षातले ३०० दिवस रोज एकदा तपासणी झाली तरी ३,९०० वेळा कुठला ना कुठला दट्ट्या वर ढकलला जातो. तो कधीतरी झिजणारच.

रचना साधी आहे. बाहेर पितळ किंवा पोलादाचे अंग, आत स्प्रिंगवर बसलेला दट्ट्या आणि दट्ट्याभोवती ओ-रिंग. काडीने वर ढकलले की रिंग आपल्या सीटवरून उचलली जाते आणि पेट्रोल गळते. काडी काढली की स्प्रिंग आणि वरच्या पेट्रोलचे वजन दोन्ही मिळून दट्ट्या खाली दाबतात आणि वाट बंद होते. रिंग आणि सीट यांच्यामध्ये वाळूचा एक कण जरी अडकला तरी थेंब सुरू होतो.

पहिला प्रश्न : हे पेट्रोलच आहे का?

मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच असतो. विमानाखाली अनेक गोष्टी गळतात. इंजिन ऑइल काळसर आणि चिकट असते. ब्रेकचे ऑइल लाल असते आणि ते चाकापाशी सापडते. रात्रीचे दव किंवा पावसाचे पाणी पंखाच्या कडेवरून येते. विमानाचे पेट्रोल चटकन उडून जाते आणि मागे निळा डाग ठेवते. डाग निळा असेल आणि वास पेट्रोलचा असेल तर पुढे जायचे.

येथे आणखी एक चकवा आहे. सेस्नाच्या डाव्या पंखाखाली, आधाराच्या दांड्याजवळ, टाकीत हवा येण्यासाठी एक नळी असते. सकाळी गार पेट्रोलने टाक्या काठोकाठ भरल्या आणि विमान उन्हात उभे केले तर पेट्रोल फुगते. साधारणपणे तापमान एक अंशाने वाढले की पेट्रोलचे आकारमान हजारात एका भागाने वाढते. दोन्ही टाक्यांत मिळून २०० लिटर पेट्रोल असेल आणि ते दहा अंशांनी तापले तर सुमारे दोन लिटर पेट्रोलला आत जागा उरत नाही. ते या नळीतून बाहेर पडते. ही गळती मानायची नाही. यासाठी व्हॉल्व्ह बदलणारा मिस्त्री ग्राहकाचे पैसे घेईल, पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेच पेट्रोल दिसेल आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल.

दुसरा प्रश्न : कोठून येते?

कोकणात कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे लगेच समजेल. कौल एका जागी फुटलेले असते आणि पाणी वाशावरून ओघळत जाऊन दुसऱ्याच खोलीत टपकते. पंखाचेही तसेच आहे. टाकीचा जोड किंवा एखादा रिव्हेट वरच्या बाजूला पाझरत असतो, पेट्रोल पत्र्याच्या आतून ओघळत सर्वांत खालच्या जागी येते, आणि सर्वांत खाली तर ड्रेन व्हॉल्व्हच बसवलेला असतो. आळ त्याच्यावर येतो.

यासाठी मिस्त्री व्हॉल्व्ह आणि भोवतालची वीतभर जागा फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करतो. मग त्यावर टाल्कम पावडर हलक्या हाताने लावतो आणि बॅटरीच्या उजेडात पाहत राहतो. पावडर प्रथम कोठे भिजते तेथे उगम असतो. उत्तरे मुख्यतः तीन.

व्हॉल्व्हच्या मधल्या भोकातून थेंब येत असेल तर दोष दट्ट्याच्या रिंगमध्ये, सीटमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये आहे. व्हॉल्व्हच्या कडेने, जेथे तो टाकीत आवळलेला आहे तेथून ओल येत असेल तर आटे सैल आहेत, बाहेरची रिंग गेली आहे किंवा आट्यांवरचा मसाला सुटला आहे. आणि पावडर व्हॉल्व्हपासून दूर, जोडावर किंवा रिव्हेटच्या ओळीवर आधी भिजली तर दोष टाकीत आहे आणि काम मोठे आहे. तिन्ही दोषांत फरशीवरचा डाग सारखाच दिसतो. पण पहिल्या दोन कामांना थोडा वेळ लागतो आणि तिसऱ्याला कित्येक दिवस लागू शकतात. ग्राहकाला खर्चाचा आकडा सांगण्याआधी ही पंधरा-वीस मिनिटे घालवणे म्हणजे धंद्याचा अर्धा शहाणपणा आहे.

तिसरा प्रश्न : केव्हा येते आणि किती येते?

तपासणीनंतर लगेच थेंब सुरू होतो, की रात्रभर उभे राहिल्यावर? टाकी भरलेली असतानाच येतो की रिकामी असतानाही? थंडीच्या पहाटे येतो आणि दुपारी थांबतो का? या प्रश्नांची उत्तरे मालकाकडून काढून घ्यावी लागतात. तपासणीनंतर लगेच सुरू झालेला थेंब बहुधा कचऱ्याचा असतो. थंडीत येऊन उन्हात थांबणारा थेंब कडक झालेल्या रबराचा असतो.

रबर थंडीत आपली लवचीकता गमावते, ही गोष्ट साऱ्या जगाने फार मोठी किंमत देऊन शिकली. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मरण पावले. बूस्टर रॉकेटच्या जोडातील ओ-रिंग त्या थंड सकाळी ताठरल्या होत्या आणि जोड वेळेवर बंद झाला नाही. चौकशी मंडळातील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सुनावणीतच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो पूर्ववत होत नाही हे सर्वांना दाखवले. त्या रिंगा कित्येक फूट व्यासाच्या होत्या, ही बटणाएवढी आहे. रबराचा स्वभाव तोच.

गळती किती आहे हे मोजण्याचीही रीत आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या मेकॅनिकांसाठीच्या पुस्तकात तिचे चार दर्जे दिले आहेत. जागा पुसून ३० मिनिटे थांबायचे आणि ओल किती पसरली ते पाहायचे. पाऊण इंचाहून कमी असेल तर तो नुसता डाग. पाऊण ते दीड इंच म्हणजे पाझर. दीड ते चार इंच म्हणजे जोराचा पाझर. आणि थेंब खाली पडू लागला तर ती वाहती गळती. वाहती गळती असलेले विमान उडवायचे नाही. बंदिस्त जागेत, जेथे वाफ कोंडून राहील अशा ठिकाणी, लहान गळतीही चालत नाही. या मोजमापामुळे मालक आणि मिस्त्री यांच्यातला वाद मिटतो. ‘थोडेसे गळते’ या शब्दाला अर्थ नसतो, इंचाला असतो.

पैशांत हिशेब करणाऱ्यांसाठी एक आकडा. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. पन्नास थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडला तर चोवीस तासांत सुमारे पावणेदोन लिटर पेट्रोल जाते. पैशाचे नुकसान आहेच, त्याहून मोठा धोका फरशीवर साठणाऱ्या वाफेचा.

औषध : आधी सोपे, मग अवघड

व्हॉल्व्हच्या मधल्या भोकातून थेंब येत असेल तर पहिला उपाय फुकटाचा आहे. पेला धरून व्हॉल्व्ह चार-सहा वेळा पूर्ण उघडायचा आणि झटक्यात सोडायचा. पेट्रोलच्या धारेबरोबर अडकलेला कण वाहून जातो. पेल्यात काय आले ते पाहायचे. वाळू, गंज, रबराचे काळे कण किंवा टाकीतल्या मसाल्याचे तुकडे दिसले तर टाकीत आणखी काही चालले आहे अशी ती सूचना समजायची. पेल्यातले पेट्रोल जमिनीवर ओतायचे नाही.

काही व्हॉल्व्ह वर ढकलून पाव फेरा फिरवले की उघडेच अडकून राहतात. टाकी रिकामी करण्यासाठी केलेली ती सोय आहे. घाईत दट्ट्या अर्धवट फिरला असेल तर व्हॉल्व्ह चांगला असूनही गळतो. नीट फिरवून सोडला की गळती बंद.

एवढ्याने थेंब थांबला नाही तर व्हॉल्व्ह काढावा लागतो आणि त्यासाठी त्या बाजूची टाकी रिकामी करावी लागते. सेस्ना १७२ च्या नव्या नमुन्यात एका बाजूला सुमारे १०६ लिटर पेट्रोल मावते. हे काम हँगरच्या बाहेर, मोकळ्या हवेत करायचे. विमान, पेट्रोल काढायचे भांडे आणि जमीन एकमेकांना तारेने जोडून घ्यायचे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. भांडे धातूचे हवे. प्लॅस्टिकच्या बादलीत पेट्रोल पडताना वीज साठते आणि ती बाहेर जाऊ शकत नाही. विमानाच्या पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांतही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे फरशीलगत सरपटत दूर जाते. जवळ सिगारेट, मोबाइल, साधा दिवा काहीही नको. आग विझवण्याचे नळकांडे हाताशी हवे.

व्हॉल्व्ह निघाल्यावर नुसती रिंग बदलायची की पूर्ण व्हॉल्व्ह, हे विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगवरून ठरते. काहींची आतली रिंग बदलता येते, काही व्हॉल्व्ह अखंड बदलावे लागतात. सीटवर ओरखडा असेल तर नवी रिंगही चार दिवसांत गळेल. बसवताना आट्यांचा प्रकार पाहायचा. आटे निमुळते असतील तर त्यांना पेट्रोलमध्ये न विरघळणारा, मॅन्युअलमध्ये सांगितलेला मसाला लागतो, आणि जास्त आवळले तर टाकीचा मऊ धातू तडकतो. सरळ आट्यांचा व्हॉल्व्ह रिंगेवर बसतो, त्याला बळाची गरज नसते. ‘अजून थोडे आवळू’ या सवयीने लहान काम मोठे होते.

मालमोटारीच्या डिझेल टाकीला कपडे धुण्याचा साबण चोळून गळती थांबवणारे ड्रायव्हर आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना पुढच्या ढाब्यापर्यंत जायचे असते. विमानात साबण, एम-सील, प्लंबरचा टेप यांना जागा नाही. त्यांचा तुकडा सुटला तर तो चाळणीत किंवा कार्बुरेटरच्या तोंडाशी जाऊन बसतो, आणि गळणाऱ्या विमानाचे बंद पडणारे विमान होते.

एकच थेंब, दोन विमानांत दोन अर्थ

टाकीशिवाय आणखी एका जागी ड्रेन असतो. इंजिनाच्या जवळ पेट्रोल गाळणारी वाटी असते, तिला गॅस्कोलेटर म्हणतात. तिचा ड्रेन गळू लागला तर विमानाचा प्रकार पाहावा लागतो.

सेस्नाची टाकी वर आणि वाटी खाली, त्यामुळे पेट्रोल वजनानेच खाली येते आणि ड्रेन गळला तर ते बाहेर पडते. जवळच तापलेला धुराचा पाइप असतो. म्हणजे भीती आगीची. पाइपरच्या चेरोकीसारख्या विमानात पंख खाली असतात. टाकी इंजिनापेक्षा खाली असल्याने पंपाला पेट्रोल ओढून घ्यावे लागते. पंप ओढत असताना वाटीचा ड्रेन नीट बंद नसेल तर बाहेरची हवा आत शिरू शकते. अशा वेळी खाली थेंब दिसेलच असे नाही, पण पेट्रोलचा दाब डळमळतो आणि इंजिन अडखळते. हातपंपाने विहिरीचे पाणी काढणाऱ्याला हे चांगले माहीत असते. पाइपला चीर असेल तर पाणी गळत नाही, पंप हवा ओढतो. म्हणून मुरलेला मिस्त्री ‘गळत नाही’ एवढ्यावर खूश होत नाही.

रिंग विसरली तेव्हा

काम झाल्यावर तपासणे हा कामाचाच भाग आहे. त्याचा सर्वांत मोठा धडा मोठ्या विमानाने दिला. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे एल-१०११ विमान अमेरिकेतील मायामीहून बहामातील नासाऊकडे निघाले. विमानात १७२ माणसे होती. आधीच्या रात्री तिन्ही इंजिनांतील धातूचे कण पकडणारे एक लहान उपकरण बदलले होते आणि तिन्ही ठिकाणी ओ-रिंग बसवायची राहून गेली. ऑइल गळून गेले. एक इंजिन वैमानिकांनी बंद केले आणि नंतर उरलेली दोन्ही बंद पडली. विमान सुमारे चार हजार फुटांपर्यंत खाली आले तेव्हा आधी बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि त्या एका इंजिनावर ते मायामीला सुखरूप उतरले.

चौकशीत कळले ते प्रत्येक वर्कशॉपच्या मालकाने लक्षात ठेवावे असे आहे. त्या मेकॅनिकांना हे उपकरण एरवी रिंगा चढवूनच हाती मिळत असे. त्या रात्री ते स्टोअरमधून आले, बिनरिंगचे. सोबतच्या कामाच्या कागदावर नवी रिंग बसवा असे लिहिले होते, पण सवयीने कोणी पाहिले नाही. इंजिन थोडा वेळ फिरवून गळती पाहिली, तेवढ्या वेळात ती दिसली नाही.

म्हणून ड्रेन बसवल्यावर टाकी एकदम भरत नाहीत. आधी थोडे पेट्रोल, मग थांबणे, मग पाहणे, मग आणखी थोडे. शेवटी पूर्ण भरून पुन्हा तीस मिनिटे. व्हॉल्व्ह दोन-चार वेळा उघडून परत पुसून पाहणे. आणि मगच लॉगबुकात नोंद.

रिंग स्वस्त, कागद महाग

ओ-रिंगची कल्पना नील्स क्रिस्टेन्सेन या डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेल्या कारागिराची. सत्तरी ओलांडल्यावर, १९३७ साली, त्याने पेटंटसाठी अर्ज केला. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने युद्धाच्या गरजेसाठी ही रिंग सर्व कारखान्यांना खुली केली आणि त्याला एकरकमी मोबदला दिला. पुढे कित्येक वर्षांनी, त्याच्या मृत्यूनंतर, वारसांना आणखी रक्कम मिळाली. आज ही रिंग नळापासून रॉकेटपर्यंत सगळीकडे आहे.

कुर्ल्याच्या बाजारात त्याच मापाची रिंग काही रुपयांना मिळेल. मग विमानाचीच का घ्यायची? कारण मापाइतकेच रबरही महत्त्वाचे. पाण्याला चालणारे रबर पेट्रोलमध्ये फुगते, काही रबर टाकी महिनोन्‌महिने रिकामी राहिली की आक्रसते. कोणते रबर आहे हे डोळ्यांनी कळत नाही, सोबतच्या प्रमाणपत्रावरून कळते. विमानाच्या प्रत्येक मान्य भागाबरोबर कोणी बनवला, कोणी तपासला याचा कागद येतो. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचे कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळून ५५ जण मरण पावले. शेपटीच्या जोडातील बोल्ट आणि पिना निकृष्ट, बनावट निघाल्या. आपल्याकडच्या भाषेत ‘डुप्लिकेट पार्ट’. त्यानंतर जगभर कागदांची तपासणी कडक झाली.

पेट्रोलच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. आपल्या रस्त्यावरच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि काही जातीच्या रबराला ते सोसत नाही. विमानाचे १०० एलएल पेट्रोल इंडियन ऑइलने २०२२ साली देशात तयार करून बाजारात आणले. पण या पेट्रोलमध्ये शिसे असते आणि अमेरिकेत २०३० च्या अखेरपर्यंत ते बंद करण्याचे उद्दिष्ट आहे. तेथे जी१००यूएल नावाचे बिनशिशाचे नवे पेट्रोल २०२४ साली कॅलिफोर्नियातील रीड-हिलव्ह्यू विमानतळावर विक्रीस आले. त्याने रंग आणि टाकीचा मसाला खराब होतो अशा काही मालकांच्या तक्रारी आल्या, उत्पादकाने दोष नाकारला, आणि जवळच्या वॉटसनव्हिल विमानतळाने विक्री थांबवली. इंधन बदलले की रबर आणि मसाला पुन्हा तपासावा लागतो. गळती शोधणाऱ्यांचे काम पुढच्या काळात कमी होणार नाही, हे यावरून दिसते.

सही करणारा हात

अमेरिकेत वैमानिक-मालकाला काही किरकोळ देखभाल स्वतः करण्याची मुभा आहे, पण कोणती ते नियमात यादी देऊन सांगितले आहे. यादीबाहेरचे काम परवानाधारक मेकॅनिकचे. आपल्याकडे विमान पुन्हा उडवण्यास योग्य आहे असे प्रमाणपत्र विमान देखभाल अभियंता देतो. त्याचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय घेतलेल्या तरुणांना मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊन या परवान्यापर्यंत जाता येते. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांसाठी त्यात बी १.२ हा वेगळा वर्ग आहे. संस्थेत प्रवेश घेण्याआधी तिची मान्यता चालू आहे का, हे महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहावे. शुल्क भरल्यावर पाहून उपयोग नसतो.

गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलांना या धंद्यात एक गोष्ट आयती मिळालेली असते. हाताला आट्यांची जाण असते, कानाला आवाज कळतो. नवीन शिकायचे ते कागद वाचणे, लिहिणे आणि थांबणे. यातले थांबणे सर्वांत अवघड, कारण ग्राहक डोक्यावर उभा असतो आणि विमान उभे राहण्याचा प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. अशा वेळी ‘तीस मिनिटे लागतील, मग सांगतो’ असे ठामपणे म्हणणारा मिस्त्रीच पुढे मोठा होतो.

दुरुस्तीचे बिल करताना रिंगेची किंमत एका ओळीत मावते. तपासणीला लागलेला वेळ वेगळ्या ओळीत लिहावा आणि त्याचे पैसे न संकोचता घ्यावेत. ज्या मालकाला दोष कोठे होता, तो कसा शोधला आणि काय बदलले हे लिहून मिळते, तो मालक पुढच्या वेळी दुसरीकडे जात नाही.